ऑनलाइन घेतलेले स्वस्त मेकअप ब्रश: आधी कोरडी तपासणी, मग पाणी

मी हौशी नाटकांसाठी मेकअप करते. एका संध्याकाळी तेच ब्रश कितीतरी चेहऱ्यांवर फिरतात, मधे मधे स्पिरिटने पुसले जातात, रात्री साबणाने धुतले जातात आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा तयार लागतात. इतक्या वापरात महागडा ब्रशसुद्धा कधीतरी संपतोच. म्हणून मी ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्रश घेते, आणि घ्या म्हणून इतरांनाही सांगते. नीट पारखून घेतलेला स्वस्त ब्रश चांगला टिकतो. सिंथेटिक केसांचे छोटे ब्रश तर असे असतात की डोळे मिटून गालावर फिरवले तर स्वस्त कोणता आणि महाग कोणता हे मला सांगता येणार नाही.

पण पारखणं मात्र हवं. एकाच सेटमधले दोन ब्रश दोन तऱ्हेचे निघतात, फोटोत गुबगुबीत दिसणारा हातात घेतल्यावर पोकळ असतो, आणि पहिल्या दिवशी मऊ वाटलेला धुतल्यावर पिंजारतो. या तपासणीला एक क्रम आहे आणि तो पाळला तर पैसे वाचतात: जे कोरड्या ब्रशवर कळतं ते सगळं आधी पाहून घ्यायचं. एकदा ब्रश ओला केला किंवा त्याला रंग लावला की तो सहसा कुणी परत घेत नाही. त्यामुळे परत करण्याची मुदत चालू असेपर्यंत ब्रशला पाणी लावायचं नाही.

मागवण्याआधी

मोठ्या सेटचा मोह टाळा. भरपूर ब्रशांच्या सेटमध्ये डोळ्यांसाठीचे निम्मे ब्रश एकमेकांची भावंडंच असतात. जाडीत केसाएवढा फरक आणि नावं मात्र वेगळी. एका चेहऱ्याला खरं तर फाउंडेशनचा एक, पावडरचा एक मोठा, ब्लशचा तिरका, डाग झाकायच्या कन्सीलरचा छोटा, आयशॅडो लावायचा एक चपटा, तो पसरवायचा एक मऊ गोल, लायनरचा तिरका आणि भुवया विंचरायचा एक, एवढे पुरतात. तेवढ्याच पैशात कमी ब्रशांचा सेट मिळत असेल तर मी तोच घेते. त्यात केस जास्त भरलेले असण्याची शक्यता बरीच असते.

उत्पादनाच्या माहितीत सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमधली मापं शोधा. नुसत्या फोटोवरून आकार अजिबात कळत नाही, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकट्या ठेवलेल्या ब्रशशेजारी तुलनेला काहीच नसतं. दांड्याची लांबी, केसांची लांबी आणि केसांच्या गुच्छाची रुंदी, हे तीन आकडे दिलेले असतील तर कागदावर पट्टीने आखून बघा. ‘मोठा पावडर ब्रश’ म्हणून विकला जाणारा ब्रश बऱ्याचदा ब्लशच्या मापाचा निघतो, आणि हे आखल्यावर लगेच दिसतं.

रिव्ह्यूमध्ये मी एक आणि दोन स्टारवाले आधी वाचते, तेही नव्यातले नवे. ‘पार्सल उशिरा आलं’, ‘डबा चेपला होता’ असल्या तक्रारी सोडून द्या. ‘धुतल्यावर दांडा हातात आला’, ‘केस तोंडावर राहतात’, ‘वास जात नाही’ हे तीन प्रकार वेगवेगळ्या लोकांनी लिहिले असतील तर तो सेट सोडा. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत धुतल्यानंतरचा फोटो असेल तर त्याच्याइतकी खरी माहिती दुसरी नाही. पाच स्टारवाल्यांमध्ये ‘आजच मिळाले, खूप छान’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांचा आनंद खरा असतो, पण ब्रश त्यांनी अजून वापरलेला नसतो.

पार्सल हातात आल्यावर

पार्सल उघडताना फोनवर व्हिडिओ काढा, पट्टी कापण्यापासून. काही तुटलेलं किंवा कमी निघालं तर तोच पुरावा. ब्रशांवरची प्लास्टिकची किंवा जाळीची टोपणं फेकू नका, ती पुढे धुतल्यावर लागणार आहेत.

आधी वास घ्या. नव्या ब्रशला गोंदाचा, रंगाचा थोडा वास असतो आणि तो उघड्यावर ठेवल्यावर एकदोन दिवसांत उतरतो. शेळीच्या केसांच्या ब्रशला जनावराचा हलका वास असतो, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. पण रॉकेल किंवा पेंटसारखा डोळ्यांत जाणारा उग्र वास तसाच राहिला तर तो ब्रश डोळ्यांजवळ न्यायचा नाही. मी असा ब्रश धुऊन सुधारण्याच्या भानगडीत पडत नाही, परतच करते.

मग धातूची नळी, म्हणजे फेरूल. केस आणि दांडा या दोघांना धरून ठेवणारा हा भाग ब्रशचा सांधा आहे आणि स्वस्त ब्रश पहिल्यांदा इथेच दगा देतात. एका हाताच्या चिमटीत फेरूल धरा, दुसऱ्या हाताने दांडा हलकेच पिळा. जराही फिरला तर आतला गोंद कमी पडला आहे. दांडा कानाजवळ नेऊन हलवा, खुळखुळ ऐकू येता कामा नये. फेरूलवर गोलाकार दाबलेल्या खाचा दिसतात. त्या दांड्यावर घट्ट आवळलेल्या असाव्यात, नुसत्या शोभेला कोरलेल्या नकोत. नखाने तपासा: फेरूल आणि दांडा जिथे भेटतात तिथे नख अडकण्याइतकी फट असेल तर त्याच फटीतून पुढे पाणी आत जाणार. लाकडी दांडा पाण्याने फुगतो, वाळल्यावर आक्रसतो, आणि असं वारंवार झालं की रंगाचे पोपडे निघतात आणि दांडा सैल होतो.

ब्रश सरळ आहे का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे तो सपाट टेबलावर आडवा ठेवून बोटाने घरंगळत सोडणं. केसांच्या टोकाकडे लक्ष ठेवा. टोक एका जागी फिरलं तर ब्रश सरळ, आणि वरखाली हेलकावे घेत गेलं तर फेरूल तिरकी बसवली आहे. मोठ्या पावडरच्या ब्रशला थोडा तिरकेपणा चालतो. लायनरच्या ब्रशला मुळीच चालत नाही, कारण तिथे रेषा हाताने नव्हे तर त्या तिरक्या टोकाने ठरायला लागते.

ज्यांना नकली दागिन्यांनी खाज येते त्यांनी एक काळजी घ्यावी. बऱ्याच फेरूल निकेलचा मुलामा दिलेल्या असतात आणि निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. ब्रश चेहऱ्यावर दाबताना छोट्या ब्रशची कड त्वचेला लागतेच. अशांनी फेरूल कोपराच्या आतल्या बाजूला बराच वेळ टेकवून, पुढचे दोनतीन दिवस त्या जागी काही उठतंय का ते पाहावं.

केस पारखणं

इथे घाई करू नका. ब्रश म्हणजे शेवटी केसच.

बंद पार्सलमध्ये दबून आलेले केस चपटे दिसतात, त्यामुळे आकारावर लगेच मत बनवू नका. स्पर्शावर मात्र बनवता येतं. ब्रश तळहातावर फिरवून काही कळत नाही, कारण तिथली कातडी जाड असते. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे फिरवा. आधी आडवा, रंग लावताना फिरवतो तसा. मग ब्रश उभा धरून टोकं त्वचेवर टेकवा, हलका दाब द्या आणि जागच्या जागी गोल फिरवा. आडवा फिरवताना रेशमासारखा वाटणारा ब्रश या उभ्या परीक्षेत टोचायला लागतो, असं पुष्कळदा होतं.

टोचण्याचं कारण केसांच्या टोकात असतं. प्राण्याच्या केसाचं नैसर्गिक टोक निमुळतं असतं. जपानमधल्या हिरोशिमाजवळच्या कुमानो या गावाचे ब्रश जगभर नावाजले जातात. तिथले कारागीर चांगल्या ब्रशांना आकार देण्यासाठी टोकं कापत नाहीत. लाकडी साच्यात केस ठोकून बसवतात आणि गुच्छाला घुमटासारखा आकार आणतात, टोकं शाबूत ठेवून. स्वस्तात बनवताना गुच्छ बांधून वरून कात्रीने किंवा यंत्राने छाटला की आकार पटकन येतो, पण प्रत्येक केस वरून सपाट कापला जातो आणि ती सपाट टोकं त्वचेवर चरचरतात. सिंथेटिक केसांतही हाच फरक असतो. नायलॉन किंवा पीबीटी, जो पॉलिएस्टरचाच एक प्रकार आहे, त्याचे तंतू चांगल्या ब्रशसाठी रसायनात बुडवून टोकाशी निमुळते केलेले असतात. हे काम आता बरंच स्वस्तही झालं आहे, म्हणून स्वस्तातले सिंथेटिक ब्रश पूर्वीपेक्षा पुष्कळ मऊ मिळतात.

हा फरक डोळ्यांनीही दिसतो. फोनचा कॅमेरा पूर्ण झूम करा, ब्रशमागे केसांच्या उलट रंगाचा कागद धरा, म्हणजे काळ्या केसांना पांढरा आणि पांढऱ्यांना काळा, आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढा. निमुळते केस टोकाकडे विरळ होत जातात, गुच्छाची कड धूसर दिसते, जणू तिच्यावर बारीक लव आहे. छाटलेल्या केसांची कड एकदम संपते, सुरीने कापल्यासारखी, आणि प्रत्येक टोकावर बारीकसा चकाकणारा ठिपका दिसतो. अपवाद फक्त सपाट माथ्याच्या फाउंडेशन ब्रशचा. त्याचा माथा सपाटच असायला हवा, पण तिथेही हात फिरवला तर मखमल लागली पाहिजे, झाडूचा बुडखा नव्हे.

आता दाटपणा. फेरूलच्या लगेच वर केस चिमटीत धरून दाबा. भरीव लागले पाहिजेत. मग दोन्ही अंगठ्यांनी केस मधोमध दुभंगून मुळापर्यंत बघा. पैसे वाचवायची सर्रास वापरली जाणारी युक्ती इथे उघडी पडते: कडेने केस दाट, मधे पोकळी, आणि पोकळीच्या तळाशी गोंदाची चकती. अशा ब्रशचा दाब चेहऱ्यावर सारखा पडत नाही, पावडर कडेला जास्त आणि मधे कमी लागते आणि गालावर कड्यासारखं वर्तुळ उमटतं. पोकळी दिसली की मी बाकीच्या परीक्षा घेत नाही.

तळहातावर ब्रश दाबून सोडा. केस लगेच उभे राहिले तर लवचीकपणा ठीक आहे. एका बाजूला कलून तसेच राहिले तर तो ब्रश मऊ असूनही कामाचा नाही, कारण रंग त्वचेवर ढकलायला केसांत थोडी ताकद लागते. मऊपणावरच भुलणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

शेवटी हलकी ओढ. केस बोटांत धरून दोनतीनदा हळूच ओढा. नव्या ब्रशमध्ये बनवताना सुटे राहिलेले काही केस असतात, ते येणारच. आलेला केस मात्र टाकण्याआधी बघा, कारण तो बरंच सांगतो. केस पूर्ण लांबीचा असेल आणि बुडाला गोंद नसेल तर तो सुटा राहिलेला होता, चिंता नाही. बुडाला गोंदाचा कण चिकटलेला असेल आणि असे दोनचार एकदम आले तर गोंदच सुटतो आहे. केस तोकडा असेल, म्हणजे मधेच तुटलेला, तर केसच ठिसूळ आहेत आणि ते पुढेही तुटत राहतील.

केस खरे की सिंथेटिक

माहितीत ‘नैसर्गिक केस’ लिहिलेलं असलं तरी स्वस्त सेटमध्ये त्याची खात्री नसते, आणि उलटही होतं. गळालेला एकच केस चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, आगपेटीच्या काडीने पेटवा. सिंथेटिक केस वितळून आक्रसतो, त्याच्या टोकाला कडक मणी होतो आणि प्लास्टिक जळल्याचा वास येतो. प्राण्याचा केस आपल्या केसासारखा करपतो, तसाच वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. हे फक्त सुट्या केसावर करायचं, ब्रश आगीपासून लांब ठेवायचा आणि लहान मुलं आसपास नसावीत.

हे कळायला का हवं? ज्यांना प्राण्यांचे केस नको असतात त्यांच्यासाठी तर ते महत्त्वाचं आहेच, पण कामातही फरक पडतो. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. त्यांत पावडर अडकते आणि गालावर हळूहळू सुटते, म्हणून कोरड्या रंगांना तो केस चांगला. पण तेच खवले ओलं फाउंडेशन पिऊन टाकतात. सिंथेटिक तंतू गुळगुळीत असल्याने क्रीम आणि द्रव रंग वरच्यावर राहतात आणि चेहऱ्यावर उतरतात. शिवाय ते लवकर धुतले जातात आणि लवकर वाळतात. स्वस्तात घ्यायचं तर मी सिंथेटिकच सुचवते. स्वस्त नैसर्गिक केस म्हणजे बहुधा छाटलेले, जाड केस.

इथपर्यंत ब्रश कोराच आहे. जे नापास झाले ते परत पाठवा. पूर्ण सेट परत करावा लागत असेल तर रोज लागणारे ब्रश कसे निघाले ते पाहून ठरवा, भुवया विंचरायच्या ब्रशसाठी अख्खा सेट परत करण्यात अर्थ नाही.

पहिलं धुणं

नवा ब्रश धुतल्याशिवाय तोंडाला लावू नये, कारखान्यातली धूळ, रंग, गोंदाचे कण त्यात असतात. आणि खरी परीक्षाही याच वेळी होते.

कोमट पाणी घ्या, गरम नको. सौम्य शाम्पू, लहान मुलांचा असेल तर उत्तम. पांढरी वाटी किंवा बशी घ्या म्हणजे पाण्याचा रंग दिसेल. ब्रशचं तोंड कायम खाली ठेवायचं आणि पाणी फक्त केसांच्या पुढच्या भागाला लागू द्यायचं, फेरूलच्या वर चढू द्यायचं नाही. ब्रश पाण्यात भिजत ठेवणं तर कधीच नको. तळहातावर शाम्पूचा थेंब घेऊन त्यात ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा, फेस आला की वाहत्या पाण्याखाली, पुन्हा तोंड खाली करूनच, बोटांनी दाबत धुवा. दाबायचं, पिळायचं नाही.

वाटीतल्या पाण्याकडे बघा. काळ्या किंवा गडद रंगाच्या केसांतून थोडा रंग पहिल्यांदा निघतो. दुसऱ्या धुण्यात पाणी स्वच्छ असायला हवं. तिसऱ्यांदाही पाणी रंगत असेल तर तो रंग तुमच्या घामासोबत चेहऱ्यावरही उतरेल. पांढऱ्या टिश्यूवर ओला ब्रश दाबून खात्री करून घ्या.

केस किती गळले ते पाहायला वाटीतलं पाणी गाळणीतून किंवा पातळ फडक्यातून ओता. मोठ्या पावडर ब्रशमधून पहिल्या धुण्यात थोडेफार केस जाणं साहजिक आहे. दुसऱ्या धुण्यात ते कमी व्हायला हवेत आणि तिसऱ्यापर्यंत जवळजवळ थांबायला हवेत. आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. तिसऱ्या धुण्यातही पहिल्याइतकेच केस येत असतील तर गोंद पाण्याला टिकत नाही. छोट्या ब्रशला मात्र मी इतकी सूट देत नाही. लायनरच्या ब्रशमध्ये मुळात केस थोडेच, त्यातून पाचसहा गेले तरी रेषा बिघडते.

वाळवताना बरेच चांगले ब्रश खराब होतात. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की पाणी केसांतून खाली फेरूलमध्ये उतरतं, गोंद सोडवतं आणि लाकूड फुगवतं. आधी टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा. बोटांनी केसांना मूळ आकार द्या आणि जपून ठेवलेलं जाळीचं टोपण दांड्याकडून वर सरकवा, केसांवरून खाली ओढू नका, नाहीतर केस उलटे वळतात. मग टेबलाच्या कडेवर ब्रश असा आडवा ठेवा की केस कडेबाहेर हवेत राहतील. दाट ब्रश रात्रभरात वरून कोरडा वाटतो, पण आत ओल असते. मुळाशी बोट घालून बघितल्याशिवाय वापरू नका. हेअर ड्रायरच्या गरम झोताने सिंथेटिक तंतू वाकडे होतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत.

वाळल्यावर तीन गोष्टी पुन्हा पाहा: दांडा फेरूलमध्ये अजून घट्ट आहे का, केस फिरून एकत्र आले का, आणि उभ्या परीक्षेत आता टोचतो का. काही ब्रशांच्या केसांना कारखान्यात खळीसारखं आवरण लावलेलं असतं, ते पहिल्या धुण्यात जातं आणि मग केसांचा खरा पोत कळतो. थोडा पिंजारलेला ब्रश मी लगेच नापास करत नाही, टोपण घालून अजून एकदा धुऊन पाहते. दुसऱ्यांदाही तसाच राहिला तर मात्र तो चेहऱ्याच्या कामाचा नाही.

त्वचेवर

पावडरचा ब्रश: पावडरमध्ये एकदाच टेकवा, दांड्यावर टिचकी मारून जास्तीची झटका आणि हाताच्या आतल्या बाजूवर एकच लांब फटकारा मारा. रंग सुरुवातीला गडद आणि पुढे हळूहळू फिका होत गेला तर ब्रश पावडर धरून सोडतो आहे. पहिल्याच जागी सगळी पावडर पडून पुढे कोरा गेला तर केस पावडर धरतच नाहीत. टिचकी मारताच ढगच उडाला तरी अर्थ तोच.

फाउंडेशनचा ब्रश तपासायचा तर अर्ध्या चेहऱ्यावर नवा आणि अर्ध्यावर नेहमीचा वापरा, दोन्हीकडे फाउंडेशन अगदी सारखं मोजून. ज्या बाजूला कमी पडलं त्या बाजूचा ब्रश रंग पितो. मग खिडकीसमोर उभं राहून तिरक्या उजेडात गाल बघा, कारण पट्टे समोरच्या उजेडात लपतात. चपट्या, जिभेच्या आकाराच्या ब्रशने पट्टे उमटणारच, त्यात स्वस्त-महाग असं काही नाही. त्यामुळे फाउंडेशनला सपाट माथ्याचा दाट ब्रश घ्या आणि ओढण्यापेक्षा थोपटत, लहान लहान गोल फिरवत लावा.

आयशॅडो पसरवायचा मऊ गोल ब्रश हा या सगळ्यांतला सर्वात अवघड विद्यार्थी आहे आणि स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा तोच नापास होतो. त्याला केस लांब, सैल आणि तरीही टोकाशी निमुळते लागतात, आणि स्वस्तात हे तिन्ही एकत्र क्वचितच मिळतं. हातावर गडद तपकिरी मॅट, म्हणजे चमक नसलेल्या रंगाचा ठिपका द्या आणि या ब्रशने त्याची कड गोल गोल विरघळवा. कड धुरासारखी विरत गेली तर ब्रश जपून ठेवा. रंग नुसता पुढे ढकलला जाऊन कडेला नवी रेघ तयार होत असेल तर केस जास्त ताठ आहेत. एखाद्याच ब्रशवर जास्त खर्च करायचा असेल तर याच्यावर करा, आणि त्यानंतर मोठ्या पावडरच्या ब्रशवर. कन्सीलर, लायनर, ओठ, चपटी आयशॅडो, भुवया, सपाट माथ्याचा फाउंडेशन ब्रश, हे सगळे स्वस्तातले सिंथेटिक बिनधास्त घ्या.

दुरुस्ती, आणि रोजची निगा

गुच्छातून एखादाच केस वाकडा बाहेर आला असेल तर तो बारीक कात्रीने मुळाशी कापा. टोक कापून बरोबरीला आणू नका, ते छाटलेलं टोक टोचेल. दांडा सैल झाला असेल पण केस शाबूत असतील तर दांडा काढून, आतला भाग पूर्ण कोरडा करून, दोन भाग मिसळून वापरायच्या इपॉक्सी गोंदाने पुन्हा बसवा आणि पूर्ण सुकेपर्यंत पाणी लावू नका. पिंजारलेल्या ब्रशला शाम्पूचा अगदी पातळ थर लावून, आकार देऊन, टिश्यूमध्ये घट्ट गुंडाळून वाळवा आणि मग स्वच्छ धुवा, सिंथेटिक बऱ्यापैकी जागेवर येतो. टोचणाऱ्या ब्रशवर मात्र उपाय नाही. मी असे ब्रश रंगांच्या डब्यांवरची धूळ झटकायला ठेवते, आणि ताठ पिंजारलेला एखादा रंगमंचावर वाढलेल्या दाढीची खुरटी छटा थोपटून द्यायला फार छान चालतो.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था ब्रश दर 7 ते 10 दिवसांनी धुवा म्हणून सांगते. माझ्या मते तो फक्त स्वतःसाठी वापरणाऱ्यांचा हिशेब झाला. क्रीम आणि द्रव रंगांचे ब्रश त्याहून लवकर धुवावेत, त्यांत ओल आणि तेल दोन्ही साचतं. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना मी आधी ब्रश टिश्यूवर कोरडा पुसते, मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसते आणि उडून जाऊ देते. 99 टक्क्यांचं अल्कोहोल जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण ते इतक्या झटकन उडतं की जंतू मारायला वेळच मिळत नाही, त्यातलं पाणीच कामाचं असतं. हे अल्कोहोल ज्योतीजवळ वापरू नका आणि स्वस्त ब्रशच्या दांड्याला लागू देऊ नका, रंग विरघळून हाताला चिकटतो. डोळे आलेल्या किंवा ओठांवर फोड उठलेल्या माणसासाठी वापरलेला ब्रश पुसून भागत नाही. अशा वेळी मी ब्रश वापरतच नाही, एकदा वापरून फेकायचे कापसाचे बोळे आणि काड्या घेते.

नव्या ब्रशच्या दांड्यावर पहिल्या धुण्याची तारीख पक्क्या मार्करने बारीक अक्षरात लिहा. कोणता सेट किती टिकला हे मग आठवायची गरज उरत नाही, आणि पुन्हा तोच मागवायचा का हे लगेच ठरतं. फाउंडेशनचा ब्रश धुऊन पूर्ण वाळल्यावरही मुळाशी कुबट वास येत असेल, किंवा डोळ्यांचा ब्रश पापणीवर टोचायला लागला असेल, तर तारीख कितीही अलीकडची असली तरी तो त्याच दिवशी पेटीतून बाहेर काढा.